क्वांटम विहिरीच्या भिंतींचा वाद आणि दाबाचा कौल

गॅलियम आर्सेनाइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर अॅल्युमिनियम गॅलियम आर्सेनाइडच्या दोन थरांमध्ये, म्हणजे भिंतींमध्ये, कोंडला की इलेक्ट्रॉनसाठी क्वांटम विहीर तयार होते. 1974 मध्ये बेल लॅबोरेटरीजमध्ये डिंगल, विगमन आणि हेन्री यांना अशा विहिरींच्या शोषण वर्णपटात पायऱ्या दिसल्या, आणि कोंडलेल्या ऊर्जापातळ्यांचा पुरावा हाती आला. मात्र त्याबरोबर एक आकडाही रूढ झाला: दोन पदार्थांच्या ऊर्जा-अंतरातील फरकापैकी 85 टक्के वाटा संवहन पट्टाचा (जिथे इलेक्ट्रॉन मोकळे फिरतात), 15 टक्के संयुजा पट्टाचा (जिथे ते अणूंच्या बंधांत अडकलेले असतात); ऊर्जा-अंतर म्हणजे या दोन पट्टांमधली दरी. खरे तर चौकोनी विहिरीतली संक्रमणे, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या पातळ्यांमधल्या उड्या, या वाटणीबाबत फारशी बोलतच नाहीत. तरीही दहाएक वर्षे तो आकडा जवळपास नियम म्हणून वापरला गेला. 1984 मध्ये परवलयाकार विहिरींवरच्या मोजमापांनी त्याला पहिला मोठा धक्का दिला.

या वाटणीचा निकाल लावणारी दाबाची वाट वेगळीकडून आली. हार्वर्डमध्ये ब्रिजमन यांनी अतिदाबाच्या प्रयोगांचा पाया घातला होता. 1950 च्या दशकात तिथेच विल्यम पॉल यांनी दाबाखाली अर्धवाहकांचे पट्ट कसे सरकतात, याचा ठोकताळा बसवला. संवहन पट्टात ऊर्जेच्या काही खोलगट जागा, म्हणजे दऱ्या, असतात; गॅमा आणि एक्स ही त्यांतल्या दोघींची नावे. गॅलियम आर्सेनाइडचे गॅमा अंतर, म्हणजे संयुजा पट्टापासून गॅमा दरीपर्यंतचे अंतर, प्रत्येक गिगापास्कलला सुमारे 108 मिलिइलेक्ट्रॉन-व्होल्ट वाढते; एक्स दरीचे अंतर मात्र किंचित घटते. दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये नमुना दाबणारे हिऱ्याच्या ऐरणीचे उपकरण 1959 चे, पण 1972 मध्ये माणकाच्या प्रकाशावरून दाब मोजता येऊ लागला तेव्हा ते खऱ्या अर्थाने सोयीचे झाले. नमुना घासून पातळ करायचा, त्याचा केसाच्या जाडीएवढा तुकडा धातूच्या पत्र्यातल्या छिद्रात माणकाच्या कणाशेजारी ठेवायचा, लेसर पाडायचा आणि बाहेर येणारा प्रकाश पाहायचा.

1980 च्या दशकाच्या मध्यात आयबीएममध्ये वोल्फर्ड यांनी आणि मिसुरी विद्यापीठात मीरा चंद्रशेखर यांच्या गटाने क्वांटम विहिरी या ऐरणीत घातल्या. दाब वाढेल तशी विहिरीतली रेषा वर सरकत गेली आणि काही गिगापास्कलला अचानक निस्तेज झाली. तिच्या जागी एक क्षीण रेषा उरली, दाबाबरोबर सावकाश खाली येणारी. इलेक्ट्रॉन आता भिंतीतल्या एक्स दरीत गेला होता, छिद्र, म्हणजे इलेक्ट्रॉन गेल्यावर संयुजा पट्टात उरलेली रिकामी जागा, मात्र विहिरीतच होते. या तिरप्या संक्रमणाची ऊर्जा संयुजा पट्टातल्या उंचवट्यावर, म्हणजे त्याच्या वाट्यावर, थेट अवलंबून असते, म्हणून ती मोजली की वाटणीचा आकडा जवळजवळ सरळ हाती येतो. संयुजा पट्टाचा वाटा निघाला साधारण एक तृतीयांश.

भिंती शुद्ध अॅल्युमिनियम आर्सेनाइडच्या आणि विहीर साडेतीन नॅनोमीटरहून अरुंद असेल, तर हेच संक्रमण दाबाशिवायही दिसते.