फोनवरच्या लिनक्सची पॅकेजे कोण सांभाळते? एका कामाची पार्श्वभूमी

२६ मे २०१७ रोजी पोस्टमार्केटओएस हा फोनवर लिनक्स चालवण्याचा प्रकल्प जाहीर करताना त्याचे संस्थापक ऑलिव्हर स्मिथ यांनी ठेवलेले उद्दिष्ट एका ओळीत मावणारे होते: स्मार्टफोनला दहा वर्षांचे आयुष्य मिळावे. त्यात अँड्रॉइडला टक्कर देण्याची भाषा नव्हती आणि नव्या ॲपबाजाराचे आश्वासनही नव्हते. मात्र हे उद्दिष्ट गाठण्यासाठी निवडलेला मार्ग पाहिला, तर तो मुळात पॅकेजे, म्हणजे प्रोग्रामांचे बसवायला तयार गठ्ठे, सांभाळण्याच्या कामाची नव्याने केलेली वाटणी होता, हे ध्यानात येते. फोनसाठी वेगळी प्रणाली रचायची नाही, सर्व्हर आणि लॅपटॉपवर आधीपासून चालणारे लिनक्सचे एक वितरण (अशा पॅकेजांचा तयार संच) जसेच्या तसे घ्यायचे आणि त्या विशिष्ट फोनपुरते जे वेगळे असेल तेवढेच स्वतःच्या अंगावर घ्यायचे, असा तो विचार होता. हा विचार इतक्या उशिरा का सुचला आणि सुचल्यावरही तो पाळणे सोपे का गेले नाही, हे कळण्यासाठी त्याआधीच्या बारा वर्षांकडे पाहावे लागते.

अँड्रॉइड फोनमध्ये मूळ प्रणाली पॅकेजांची बनलेली नसते. चिप बनवणारी कंपनी लिनक्सच्या कर्नलची, म्हणजे यंत्राचे भाग हाताळणाऱ्या गाभ्याची, एक प्रत घेऊन तीत आपल्या चिपसाठीचे हजारो बदल घालते, फोनची कंपनी तीत आणखी भर घालते आणि सगळे मिळून एक अखंड इमेज त्या मॉडेलसाठी तयार होते. पुढे लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये झालेल्या सुधारणा या प्रतीत आपोआप येत नाहीत. कोणीतरी त्या आणून बसवाव्या लागतात, आणि बहुतेक फोनांच्या बाबतीत काही वर्षांनी ते काम करणारे कोणी उरत नाही. याउलट डेबियनसारख्या वितरणात प्रत्येक प्रोग्राम आणि प्रत्येक लायब्ररी (अनेक प्रोग्राम वापरतात तो सामायिक कोड) हे स्वतंत्र पॅकेज असते, त्याला आवृत्ती असते, अवलंबित्वांची यादी असते आणि ते पाहणारा एक मेन्टेनर असतो. एका लायब्ररीत सुरक्षेची त्रुटी सापडली, तर तेवढेच पॅकेज बदलले जाते आणि ते वितरण चालवणाऱ्या सर्व यंत्रांना दुरुस्ती मिळते.

ही पद्धत खिशातल्या यंत्रावर आणण्याचा पहिला मोठा व्यापारी प्रयत्न नोकियाने केला. नोव्हेंबर २००५ मध्ये विक्रीला आलेले नोकिया ७७० हे फोन नसलेले, ६४ एमबी रॅमचे इंटरनेट टॅब्लेट डेबियनवर आधारलेल्या मेमो या प्रणालीवर चालत होते. त्यावर सॉफ्टवेअर बसवायचे तर डेबियनच्याच धर्तीचे पॅकेज करावे लागे आणि ते स्क्रॅचबॉक्स या साधनात बिल्ड करावे लागे, म्हणजे डेस्कटॉपवर बसून एआरएम प्रोसेसरसाठीचा प्रोग्राम तयार होई. या मालिकेतला शेवटचा आणि आजही आठवणीने बोलला जाणारा एन९०० हा फोन २००९ च्या अखेरीस आला. त्याच्यासाठी स्वयंसेवकांनी भरलेले ‘एक्स्ट्राज’ हे भांडार होते आणि त्यात पॅकेज पोहोचण्याआधी ते विकासाच्या व चाचणीच्या दोन पायऱ्या चढून यावे लागे. चाचणीच्या पायरीवर वापरकर्ते ते बसवून पाहत आणि मत देत.

एन९०० वरच्या पॅकेजकाराची खरी डोकेदुखी मात्र जागेची होती. फोनमध्ये ३२ जीबी साठवण होती खरी, पण मूळ फाइलप्रणाली २५६ एमबीच्या वेगळ्या फ्लॅश चिपवर होती आणि ती नोकियाच्याच फाइलींनी बरीचशी भरलेली असे. डेबियनचे पॅकेज नेहमीप्रमाणे आपल्या फाइली यूएसआर या डिरेक्टरीत टाकू लागले, की काही मोठ्या प्रोग्रामांतच ती चिप तुडुंब भरे. म्हणून पॅकेज बनवताना मोठ्या फाइली ऑप्ट या डिरेक्टरीत, म्हणजे मोठ्या साठवणीवर, हलवून मूळ जागी केवळ दुवे ठेवण्याची सक्ती आली आणि त्यासाठी मेमो-ऑप्टिफाय नावाचे एक साधनही लिहिले गेले. एका यंत्राच्या रचनेतली अडचण अशी शेकडो पॅकेजांच्या पोटात शिरली. डेबियनमध्ये तयार असलेले पॅकेज तसेच उचलता येईना आणि मेमोसाठी बदललेले पॅकेज डेबियनकडे परत पाठवण्यात काही अर्थ राहीना. माझ्या मते या क्षेत्रातल्या पुढच्या बहुतेक कटकटींचे बीज येथेच दिसते.

फेब्रुवारी २०१० मध्ये नोकियाने इंटेलबरोबर मेमोचे विलीनीकरण करून मीगो ही प्रणाली जाहीर केली आणि वर्षभराने, फेब्रुवारी २०११ मध्ये, मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोनची वाट धरली. एन९०० चे अधिकृत अद्यतन थांबल्यावर वापरकर्त्यांनी सामुदायिक अद्यतनाचे काम हाती घेतले. त्यातला एक तपशील बोलका आहे. नोकियाचे अद्यतन एका मध्यवर्ती पॅकेजाभोवती गुंफलेले होते आणि ते पॅकेज प्रणालीतील इतर पॅकेजांच्या आवृत्त्या बांधून ठेवत असे. म्हणून स्वयंसेवकांना सर्वांत आधी या मध्यवर्ती पॅकेजालाच आपला पर्याय द्यावा लागला, तेव्हा कोठे बाकीच्या दुरुस्त्यांना वाट मिळाली. काही भागांना तर हातच लावता येत नव्हता. बॅटरीचे चार्जिंग पाहणारा बीएमई हा प्रोग्राम बंद सोर्सचा होता, आणि कर्नलमध्ये त्याच कामाचा खुला ड्रायव्हर येईपर्यंत दुसरे कोणतेही वितरण एन९०० वर बसवले तरी बॅटरी नीट चार्ज होण्याची पंचाईत असे.

त्याच सुमारास ओपनमोको या प्रकल्पाने निओ १९७३ (२००७) आणि निओ फ्रीरनर (२००८) हे फोन विकले. यंत्र शक्य तेवढे खुले ठेवण्यात ते नोकियाच्या पुढे होते, पण प्रणालीचा पाया दोन वर्षांत इतक्यांदा बदलला गेला, की पॅकेज करणाऱ्याला नेमके कोणत्या पायासाठी पॅकेज करायचे, हेच ठरवता येत नसे. २००९ मध्ये कंपनीने फोनचा विकास थांबवला.

यानंतरच्या टप्प्यात बहुतेकांनी वेगळी तडजोड स्वीकारली. अँड्रॉइड फोन स्वस्त आणि विपुल होते, पण त्यांचे ग्राफिक्स आणि मोडेमचे ड्रायव्हर बंद होते आणि ते अँड्रॉइडच्या सी लायब्ररीशीच, म्हणजे प्रोग्राम आणि कर्नल यांना जोडणाऱ्या मूळ लायब्ररीशीच, बोलत. २०१२ च्या सुमारास आलेल्या लिबहायब्रिस या मध्यस्थ लायब्ररीमुळे तेच ड्रायव्हर साध्या लिनक्स प्रणालीतून वापरता येऊ लागले. योला कंपनीची सेलफिश आणि कॅनॉनिकलची उबुंटू टच या दोन्ही प्रणालींनी तिचा आधार घेतला. फोन पटकन चालू होई, हा तिचा फायदा नाकारता येत नाही. पण कर्नल मात्र जुनाच राही, फोनच्या कंपनीने सोडून दिलेला. जानेवारी २०१३ मध्ये गाजावाजा करून जाहीर झालेल्या उबुंटू टचचे काम कॅनॉनिकलने एप्रिल २०१७ मध्ये थांबवले आणि ते यूबीपोर्ट्स या स्वयंसेवी गटाने पुढे नेले. पोस्टमार्केटओएसची घोषणा त्यानंतर दोन महिन्यांच्या आत झाली. कंपनी बाहेर पडली की पॅकेजांचे काय होते, याचा ताजा दाखला त्या वेळी सर्वांसमोर होता.

स्मिथ यांनी पायासाठी आल्पाइन लिनक्स निवडले, त्याला कारणे होती. नातानाएल कोपा यांनी सुरू केलेले हे वितरण राउटर आणि फायरवॉलसारख्या छोट्या यंत्रांसाठी जन्मले; जून २०१४ च्या ३.० आवृत्तीपासून ते मसल या लहान सी लायब्ररीवर आले. आणि सर्व्हरवर प्रोग्राम वेगळ्या कप्प्यांत चालवणाऱ्या डॉकर कंटेनरांसाठी त्याची पाच-सहा एमबीची मूळ इमेज जगभर वापरली जाऊ लागल्यामुळे त्याची पॅकेजे नीट राहावीत, यात फोनशी काहीही देणेघेणे नसलेल्या पुष्कळ लोकांचा स्वार्थ गुंतलेला होता. डिसेंबर २०१६ मधील ३.५ या आवृत्तीत ६४-बिट एआरएमचीही सोय झाली. शिवाय आल्पाइनची पॅकेज-कृती म्हणजे एपीकेबिल्ड नावाची एक साधी शेल फाइल असते: नाव, आवृत्ती, परवाना, अवलंबित्वे, सोर्सचा पत्ता, त्याची चेकसम, आणि बिल्ड, चाचणी व पॅकेज अशी तीन छोटी फंक्शने. डेबियनची पॅकेजे सांभाळण्यासाठी जी कागदपत्रे आणि रीतिरिवाज शिकावे लागतात, त्यांच्या तुलनेत नवख्याला ही फाइल एका बैठकीत समजते.

यावर पोस्टमार्केटओएसने आपल्या पॅकेजांचे वेगळे भांडार उभे केले, त्याचे नाव पीएमएपोर्ट्स. त्यात प्रत्येक फोनसाठी एक छोटे उपकरण-पॅकेज असते आणि त्यातील डिव्हाइसइन्फो या फाइलमध्ये चिप कोणती, पडदा केवढा, इमेज फोनवर कोणत्या पद्धतीने चढवायची, अशा गोष्टी नोंदवलेल्या असतात. त्याशिवाय कर्नलचे पॅकेज आणि फर्मवेअरचे पॅकेज असते, आणि बाकी सगळे आल्पाइनमधून येते. सुरुवातीच्या काळात बहुसंख्य फोनांचे कर्नल हे कंपनीच्या जुन्या प्रतीवरूनच बनवलेले होते, त्यामुळे जितके फोन तितकी कर्नलची पॅकेजे, आणि प्रत्येकात नव्या कंपायलरला जुना कोड गिळायला लावणारे पॅच (कोडमधले छोटे बदल), अशी अवस्था होती. फरक पडला तो मूळ कर्नलवर, म्हणजे मेनलाइनवर, काम सुरू झाल्यावर. भारतात मार्च २०१५ मध्ये आलेला आणि अजून कित्येकांच्या खणात पडून असलेला शाओमीचा रेडमी २ हा फोन मुळात कर्नल ३.१० घेऊन आला होता. त्यातली क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन ४१० ही चिप सॅमसंगच्या गॅलेक्सी ए५ च्या २०१५ च्या मॉडेलमध्ये आणि मोटोरोलाच्या मोटो जी४ प्ले मध्येही होती, आणि ड्रॅगनबोर्ड ४१०सी या विकसकांसाठीच्या बोर्डामुळे तिचे बरेच काम मेनलाइनमध्ये आधीच झालेले होते. त्यामुळे या सर्व फोनांना एकच कर्नल पॅकेज पुरू लागले. ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्लीत सादर झालेल्या पोको एफ१ च्या बाबतीत, वनप्लस ६ बरोबर, स्नॅपड्रॅगन ८४५ मुळे हेच घडले.

मेन्टेनरचे नित्याचे काम बाहेरून दिसते तितके रंजक नसते. समजा, आल्पाइनच्या सतत बदलणाऱ्या ‘एज’ शाखेत एखाद्या लायब्ररीची नवी आवृत्ती आली आणि तिच्या सामायिक फाइलचा क्रमांक ५ चा ६ झाला. आल्पाइनमध्ये ती लायब्ररी वापरणारी पॅकेजे त्याच वेळी पुन्हा बिल्ड केली जातात; त्यांची आवृत्ती तीच राहते, केवळ पॅकेजचा अनुक्रमांक एकाने वाढतो. पण पीएमएपोर्ट्समधली पॅकेजे आल्पाइनच्या यादीत नसल्याने ती जुन्या क्रमांकालाच चिकटून राहतात. वापरकर्ता फोनवर अद्यतनाचा आदेश देतो, एपीके हा पॅकेज-व्यवस्थापक कोणतीही फाइल बदलण्यापूर्वी सगळे गणित जुळते का ते पाहतो, क्रमांक ५ ची फाइल कोणीच पुरवत नाही असे सांगतो आणि थांबतो. मग कोणीतरी त्या पॅकेजचा अनुक्रमांक वाढवून ते पुन्हा बिल्ड करतो. पीएमबूटस्ट्रॅप हे प्रकल्पाचे पायथनमधील साधन यासाठी वेगळे आल्पाइन-वातावरण उभारते आणि आपल्या लॅपटॉपवर एआरएमचे पॅकेज, क्यूएमू हा प्रोग्राम त्या प्रोसेसरचे जे अनुकरण करतो त्यातून, बिल्ड करू देते. अनुकरण संथ असल्यामुळे कर्नलसारखे जड काम मात्र अनुकरणाशिवायच एआरएमचा कोड तयार करणाऱ्या क्रॉस-कंपायलरकडे सोपवले जाते.

याहून नाजूक प्रकार तात्पुरत्या प्रतींचा. आल्पाइनमधल्या एखाद्या पॅकेजला फोनसाठी पॅच हवा असतो आणि तो मूळ प्रकल्पाने अजून स्वीकारलेला नसतो, तेव्हा त्या पॅकेजची पॅचसह प्रत पीएमएपोर्ट्सच्या ‘टेम्प’ या भागात ठेवली जाते. आल्पाइनने दरम्यान पुढची आवृत्ती आणली, की तीच वरचढ ठरते आणि पॅच गुपचूप नाहीसा होतो. त्या भागाला ‘तात्पुरता’ म्हटले आहे, ते शिस्त म्हणून. तेथे एखादे पॅकेज किती दिवस रेंगाळते, यावरून मूळ प्रकल्पांशी संवाद कसा चालला आहे, हे जाणकार ओळखतात.

२०२० मध्ये पाइन६४ च्या पाइनफोनने या कामाला गर्दी मिळवून दिली. मूळ कर्नलवर चालण्यासाठीच निवडलेली ऑलविनर ए६४ चिप आणि १४९ डॉलर किंमत यांमुळे विकसकांच्या हाती एकच समान यंत्र आले, आणि त्याच वर्षी डेबियनवर आधारलेले मोबियनही सुरू झाले. प्युरिझम या अमेरिकी कंपनीने लिब्रेम ५ या फोनसाठी फॉश हा इंटरफेस आणि लिबहँडी ही लायब्ररी लिहिली होती. लिबहँडीमुळे डेस्कटॉपचे प्रोग्राम अरुंद पडद्यावर सामावू लागले, आणि ३१ डिसेंबर २०२१ रोजी आलेल्या लिबॲडवेटामध्ये तिचे गुण नोम या लिनक्स डेस्कटॉपच्या मूळ प्रवाहातच आले. तोवर प्रत्येक वितरणाला प्रत्येक ॲपसाठी जे पॅच बाळगावे लागत, त्यांतले कितीतरी यामुळे गळून पडले. फोनसाठीचे बदल मूळ प्रकल्पात परत नेणे मेमोच्या काळी जमले नाही, ते येथे जमले.

पाया दुसऱ्याचा असण्याचा लाभ कधी न मागताही मिळतो. ३२-बिट प्रणालींतला काळमोजणीचा आकडा जानेवारी २०३८ मध्ये संपतो. मसलच्या १.२ या आवृत्तीने त्याला ६४-बिट केले आणि जानेवारी २०२१ मधील आल्पाइन ३.१३ मध्ये ही आवृत्ती आल्यावर जुन्या ३२-बिट फोनांची पॅकेजेही सुधारली गेली. फोनवाल्यांना वेगळी मोहीम काढावी लागली नाही. डेबियनला हेच स्थित्यंतर २०२४ मध्ये करताना लायब्ररींच्या पॅकेजांची नावे मोठ्या संख्येने बदलावी लागली.

पण पाया दुसऱ्याचा असला की त्याचे निर्णयही दुसऱ्याचे असतात. यंत्र सुरू होताना सेवा चालू करण्यासाठी आल्पाइन ओपनआरसी वापरते आणि त्याच कामाचे, पण अधिक व्यापक, सिस्टमडी ठेवत नाही, तर नोम आणि केडीई हे दोन्ही डेस्कटॉप प्रकल्प दिवसेंदिवस सिस्टमडी आहेच असे धरून चालतात. ती उणीव भरून काढणाऱ्या पर्यायी तुकड्यांची डागडुजी वाढत गेली, तेव्हा मार्च २०२४ मध्ये पोस्टमार्केटओएसने या इंटरफेसांसाठी सिस्टमडी आणण्याचे जाहीर केले. ओपनआरसीचा पर्यायही राहणार होता. निर्णयावर टीका झाली, ती बहुतांशी सिस्टमडीच्या जुन्या वादातून. पॅकेजांच्या दृष्टीने मुद्दा निराळा होता: मसलवर सिस्टमडी चालवण्याचे पॅच आणि त्यासाठी वेगळी बिल्ड केलेली आल्पाइनची पॅकेजे आता प्रकल्पाला स्वतःच्या भांडारात बाळगावी लागणार होती, आणि ते ओझे उतरवण्यासाठी एका बाजूला सिस्टमडीच्या मूळ प्रकल्पाकडे पॅच पाठवणे, दुसऱ्या बाजूला आल्पाइनशी बोलणी, असे काम त्याच मोजक्या मेन्टेनरांकडे आले.