गुणी पण बिघडलेला पोरगा: टीमनं घ्यावा की सोडावा?

26 नोव्हेंबर 1998, अमेरिकेत थँक्सगिव्हिंगचा दिवस. अमेरिकन फुटबॉलची मॅच, डॅलस काउबॉइज टीमच्या घरच्या मैदानावर मिनेसोटा वायकिंग्जचा रँडी मॉस नावाचा पहिल्याच सीझनचा पोरगा फक्त तीन वेळा बॉल पकडतो आणि तिन्ही वेळा थेट टचडाउन, म्हणजे बॉल समोरच्या टीमच्या शेवटच्या रेषेपार, 51 यार्ड, 56 यार्ड, परत 56 यार्ड. सात महिने आधी हाच पोरगा डॅलसला मिळत होता. एनएफएल या तिथल्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजचे खेळाडू टीमा पाळीपाळीनं उचलतात तिथे, त्यांची पाळी आठवी होती, पण त्यांनी त्याला सोडला आणि तो घसरत घसरत 21व्या नंबरला गेला. त्याच्या खेळाबद्दल कुणालाच शंका नव्हती, भीती होती ती वागण्याची: शाळेत असताना मारहाणीची केस, गांजा, दोन मोठ्या कॉलेजांनी बंद केलेली दारं.

ही गोष्ट दरवर्षी ड्राफ्ट आला की कोणीतरी सांगतंच, आणि मला तिची जरा भीती वाटते, कारण जे तरले त्यांच्याच गोष्टी आपल्या लक्षात राहतात. 1996 मध्ये सेंट लुइस रॅम्स या टीमनं वागण्यासाठीच बदनाम असलेल्या लॉरेन्स फिलिप्सला सहाव्या नंबरला घेतलं, वर त्याच सुमारास जेरोम बेटिससारखा चालता खेळाडू पिट्सबर्गला देऊन टाकला. बेटिस पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत गेला आणि फिलिप्सला रॅम्सनी दुसऱ्याच सीझनमध्ये काढलं. 2016 मध्ये तो तुरुंगात वारला.

मग आधी ओळखता येतं का? खरं सांगायचं तर वागणं सोडा, नुसता खेळ ओळखणंसुद्धा फार जड आहे. केड मॅसी आणि नंतर नोबेल मिळालेले रिचर्ड थेलर यांनी ड्राफ्टचा हिशोब मांडला, एकाच जागेवर खेळणारे लागोपाठ निवडलेले दोन खेळाडू घेतले आणि पाहिलं की आधी निवडलेला खरंच सरस निघतो का, तर तसं होण्याची शक्यता साधारण 52 टक्के. म्हणजे जवळजवळ छापा-काटाच. आणि तरी टीमा वरच्या नंबरसाठी वाट्टेल ती किंमत देतात, कारण प्रत्येक मॅनेजरला वाटतं की माझी नजर इतरांपेक्षा चांगली. त्यात पोरगा समोर बसून डोळ्यात डोळे घालून 'सर, मी बदललोय' म्हणाला की विरघळायला होतं. अशा मोकळ्या गप्पांसारख्या इंटरव्ह्यूवरून पुढचं भाकीत फार कच्चं निघतं, हे मानसशास्त्रात कितीतरी वेळा दिसलंय. मागे काय काय झालं याची कोरडी नोंद त्यापेक्षा जास्त सांगते.

पण ती नोंद वाचायची कशी, खरी मेख इथे आहे. 1993 मध्ये टेरी मॉफिट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी मांडलं की वाया गेल्यासारखी वागणारी पोरं दोन जातीची असतात. एक, ज्यांचं सगळं वयात येताना सुरू होतं आणि विशी ओलांडली की बहुतेकांचं विरतं. दुसरी, थोडीच, ज्यांचं लहानपणापासून सुरू होतं आणि मोठेपणीही सुटत नाही. पहिल्या जातीच्या पोरांच्या बाबतीत वय टीमच्या बाजूनं असतं. आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो, आणि सोबत कोण आहे यावर फार काही ठरतं. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी 2005 मध्ये गाडी चालवायच्या व्हिडिओ गेमवर हे तपासलं, मित्र बघत असले की कुमारवयीन पोरं आणि 18 ते 22 वयाचीही जास्त धोका पत्करतात, त्याहून मोठ्यांना मात्र फारसा फरक पडत नाही. ड्राफ्टला बसणारा पोरगा साधारण 21-22 चाच असतो. अर्थात हे सगळं सरासरीचं झालं, समोरच्या एका पोराबद्दल मेंदूचा कुठलाही फोटो छातीठोक सांगू शकत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की 'घ्यावा का' हा प्रश्नच अर्धा आहे, 'ड्राफ्टच्या कितव्या राउंडला, म्हणजे फेरीला, आणि कशाबद्दल बदनाम असलेला' असं विचारा. पहिल्या राउंडच्या खेळाडूचे जवळपास सगळे पैसे पक्के असतात आणि त्या नंबरला दुसरा चांगला खेळाडू हातचा जातो, म्हणजे फसलात तर खोल फसता. पाचव्या-सहाव्या राउंडला घेतलेले बरेच जण तसेही टिकत नाहीत, तिथे बुडेल ते थोडं आणि लागलं तर घबाड, म्हणून बेभरवशाचा पण अफाट पोरगा तिथे घेणंच शहाणपणाचं. टायरन मॅथ्यू हे मला सगळ्यात आवडणारं उदाहरण. ड्रग टेस्टमध्ये फेल होऊन 2012 मध्ये एलएसयू या त्याच्या कॉलेजच्या टीममधून काढलेला, 2013 मध्ये ॲरिझोना कार्डिनल्सनी त्याला तिसऱ्या राउंडला, 69व्या नंबरला घेतला. तिथे कॉलेजचाच जुना साथीदार पॅट्रिक पीटरसन आधीपासून होता, म्हणजे मित्र बघत असतील तर निदान कोणते, हे तरी टीमला माहीत होतं. फेब्रुवारी 2020 मध्ये मॅथ्यू कॅन्सस सिटीकडून सुपर बोल, म्हणजे एनएफएलची फायनल जिंकला.

आता एक गोष्ट या हिशोबात मावत नाही आणि ती मला सगळ्यात जास्त टोचते. गांजा ओढणाऱ्या पोराचा जुगार फसला तर नुकसान टीमचं आणि त्याचं. पण जो दुसऱ्याला मारतो त्याचा जुगार फसला तर किंमत भरते ती तिसरीच व्यक्ती, जिला कुणी विचारलेलंही नसतं, आणि टीमच्या वहीत तिचा रकानाच नाही. अशा पोराला शेवटच्या राउंडलाही स्वस्त म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आधी उपचार, बराच काळ नीट वागणं आणि मगच खेळाचं बोलू. 1995 मध्ये फिलिप्सनं आपल्या आधीच्या मैत्रिणीला जिन्यावरून फरफटत खाली नेलं होतं. नेब्रास्काच्या, म्हणजे त्याच्या कॉलेजच्या टीमनं त्याला सहा मॅच बाहेर ठेवलं, मग परत घेतलं, जानेवारीत तो विजेतेपदाची मॅच खेळला आणि एप्रिलमध्ये रॅम्सनी त्याचं नाव पुकारलं.