आधी करार, मग नकाशा : चिली-अर्जेंटिना सीमावादाची पार्श्वभूमी

चिली आणि अर्जेंटिना यांच्यातली सीमा सुमारे ५,३०० किलोमीटर लांब आहे आणि तिचा बहुतेक भाग अँडीज पर्वतातून जातो. १८८१ च्या करारात तिचं वर्णन थोडक्यात उरकलं होतं. ५२ अंश दक्षिण अक्षांशापर्यंत, पाण्याची विभागणी करणाऱ्या सर्वोच्च शिखरांवरून सीमा जाईल, असं ठरलं. सर्वांत उंच शिखरं आणि जलविभाजक, म्हणजे ज्या रेषेच्या दोन बाजूंना पाणी वेगवेगळ्या दिशांना वाहतं ती रेषा, एकच असतात, हे त्यात गृहीत धरलेलं होतं. त्या वेळी दक्षिणेकडच्या पॅटागोनियाचं नीट सर्वेक्षणच झालेलं नव्हतं. पुढची शंभर वर्षं पुरलेल्या भांडणाचं मूळ इथे आहे.

पॅटागोनियात शिखरं एकीकडे आणि जलविभाजक दुसरीकडे, अशी स्थिती आहे. हिमयुगातल्या हिमनद्यांनी पूर्वेला दगडमातीचे बांध रचले. बर्फ हटल्यावर तिथल्या सरोवरांचं पाणी डोंगर कापत पश्चिमेला पॅसिफिककडे वळलं. त्यामुळे चिलीचे तज्ज्ञ दिएगो बार्रोस अराना जलविभाजकावर अडून राहिले, तर अर्जेंटिनाचे फ्रान्सिस्को मोरेनो शिखरांवर. १८९८ मध्ये मोरेनो यांनी मजूर लावून फेनिक्स नदीचं पाणी पुन्हा अटलांटिककडे जाणाऱ्या देसेआदो नदीत वळवून दाखवलं. माणसाच्या हातांनी हलू शकणारी रेषा सीमा कशी होईल, हा त्यांचा सवाल होता. या वादातला इतका बिनतोड युक्तिवाद दुसरा नसावा.

प्रकरण ब्रिटिश राजाच्या लवादाकडे गेलं. हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर आणि पामीरमध्ये सीमा आखलेले थॉमस होल्डिच १९०२ मध्ये प्रत्यक्ष पाहणीला आले. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला निवाडा लागला. त्यात दोन्ही तत्त्वं बाजूला ठेवून मधली रेषा काढली होती, काही मोठी सरोवरंही दुभागली होती. युद्धाच्या उंबरठ्यावरचे दोन देश त्यावर थांबले, हे मला त्या काळातलं मोठंच यश वाटतं.

पण निवाडा उपलब्ध नकाशांवरच बेतलेला होता. एन्कुएन्त्रो नदीचा उगम नकाशात दाखवलेल्या जागी नव्हताच, हे पुढे उघड झालं. तो तिढा १९६६ च्या निवाड्याने सुटला. देसिएर्तो सरोवराजवळ १९६५ मध्ये चकमक होऊन चिलीच्या पोलीस दलातला एक अधिकारी मारला गेला. ते खोरं १९९४ मध्ये लवादाने अर्जेंटिनाला दिलं.

उरला तो दक्षिण पॅटागोनियातला हिमप्रदेश. १९९८ च्या करारात त्याच्या काही भागातली रेषा ठरली. मात्र फिट्झ रॉय आणि मुराय्योन या शिखरांमधला टप्पा, दोन्ही देशांनी मिळून १:५०,००० प्रमाणाचा नकाशा तयार करेपर्यंत मोकळा ठेवला गेला. इथे जलविभाजक बर्फाच्या जाड थराखाली दडलेला, आणि वरचा बर्फ सरकता. त्यामुळे चिलीच्या अधिकृत नकाशांत या टप्प्यावर सीमारेषेऐवजी चौकट दिसते.