यक्षी, जखीण आणि बँकेचं दार

दिल्लीत रिझर्व्ह बँकेच्या दाराशी दोन अजस्र दगडी मूर्ती उभ्या आहेत : शिल्पकार रामकिंकर बैज यांचे यक्ष आणि यक्षी. यक्षाच्या हाती पैशाची थैली आणि दातेरी चाक, यक्षीच्या हाती फूल आणि कणसं. एक उद्योगाचा, दुसरी शेतीची. यक्षांचा राजा कुबेर, म्हणजे बँकेला राखणदार तसा घरचाच! कल्पना मुंबईचे कलातज्ज्ञ कार्ल खंडालावाला यांची. दगड कांगडा खोऱ्यातून आला, मूर्ती पुऱ्या व्हायला १९६७ साल उजाडलं. यक्षीच्या अंगावर वस्त्र नाही, यावरून संसदेतही प्रश्न निघाला.

बैजांपुढे नमुना होता बेसनगरच्या प्राचीन यक्षीचा. पण यक्षीचं खरं नातं झाडाशी. मध्य प्रदेशातल्या भारहूतच्या बौद्ध स्तूपाच्या कठड्यावर, म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या-पहिल्या शतकात, ‘चंदा यखी’ एक हात आणि एक पाय झाडाच्या खोडाला वेढून उभी आहे. नाव शेजारीच ब्राह्मीत कोरलंय. सुंदरीच्या लाथेने अशोक फुलतो, हा कविसंकेत पुढे संस्कृत काव्यात रुळला. बुद्धाच्या स्तूपाला या जुन्या लोकदेवता का लागल्या? गावकरी ज्यांना आधीपासून नवस बोलत होते, त्यांना बाहेर ठेवून कसं चाललं असतं!

इंग्रज पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमला भारहूत सापडलं १८७३मध्ये, आणि कठडा कलकत्त्याच्या संग्रहालयात गेला. पाटण्याजवळची दीदारगंजची यक्षी १९१७मध्ये गंगाकाठी मिळाली, तीही आत गेली. सांचीच्या पूर्व तोरणावरची मात्र आंब्याची फांदी धरून अजून उन्हातच आहे.

आपल्याकडे यक्षी दगडापेक्षा भाषेत जास्त टिकली. प्राकृतातली ‘जक्खिणी’ मराठीत ‘जखीण’ झाली, आणि देवीची भुताटकी झाली. तीच कुठे जाखमाता होऊन गावाची राखणही करते. एकाच शब्दाच्या वाट्याला शेंदूरही आला आणि लिंबू-मिरचीही.

केरळातही ती धाकाचीच. तिथली यक्षी पाला नावाच्या झाडावर राहते; हे झाड म्हणजे आपली सातवीण. शिल्पकार कानायी कुञ्ञिरामन यांनी १९६९मध्ये मलंपुळा धरणाच्या बागेत तिला बसवलं : काँक्रीटची, तीस फूट उंच, पाय पसरलेली, विवस्त्र. विरोध झाला, पण कुञ्ञिरामन मागे हटले नाहीत. यक्षी अजून तिथेच आहे, छपराविना, डोंगरांच्या पायथ्याशी.