नदीतला बास आणि तळाला उतरलेली फ्लाय

स्मॉलमाउथ बास हा मासा मूळचा ग्रेट लेक्स, ओहायो आणि मिसिसिपीच्या खोऱ्यांतला. अटलांटिकला मिळणाऱ्या नद्यांत तो माणसाने नेला. 1854 मध्ये बाल्टिमोर-ओहायो रेल्वेच्या इंजिनामागच्या पाण्याच्या टाकीतून काही बास डोंगर ओलांडून पोटोमॅककाठच्या कालव्यात सोडले गेले. पुढे तो शेजारच्या सस्क्वेहॅना नदीतही रुजला, आणि नदीतल्या बाससाठी आज हमखास वापरल्या जाणाऱ्या फ्लायचा, म्हणजे पिसं-केस गळावर बांधून केलेल्या कृत्रिम आमिषाचा, इतिहास बराचसा याच टापूत घडला.

सुरुवातीला ट्राउट माशासाठीच्याच फ्लाय मोठ्या गळावर भडक रंगात बांधून वापरत. विसाव्या शतकाच्या आरंभी टेनेसीतल्या अर्नेस्ट पेकिनपॉ यांनी बुचाचा पॉपर, म्हणजे पाण्यावर तरंगणारं आमिष, चालवला. उन्हाळ्याच्या संध्याकाळी, पाणी संथ असताना, तो आजही चालतो. पण या माशाचं मुख्य खाणं तळाला असतं: क्रेफिश, दगडांखालच्या अळ्या, छोटे मासे. ऊन वर आलं किंवा पाणी गार झालं की बास पृष्ठभागाकडे फारसा फिरकत नाही आणि पॉपर बहुधा निरुपयोगी ठरतो.

1967 मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या रसेल ब्लेसिंग यांनी वूली बगर बांधली. डॉब्सनफ्लायची काळी अळी, म्हणजे हेलग्रमाइट, डोळ्यांसमोर होती. मॅराबूच्या मऊ पिसांची शेपटी, शेनीलचं (मखमली दोऱ्याचं) अंग आणि त्यावर गुंडाळलेलं कोंबड्याचं पीस, एवढंच साहित्य. ओढ थांबली तरी शेपटी हलत राहते, हीच तिची ताकद.

खरी कलाटणी 1980 च्या दशकात मिळाली. सस्क्वेहॅनाकाठच्या मिडलटाउनमध्ये दुकान चालवणारे बॉब क्लाउझर यांच्या हाती शिशाचे डंबेलच्या आकाराचे डोळे आले. ते त्यांनी गळाच्या दांडीवर वरच्या बाजूने बांधले. वजन वर गेल्यामुळे पाण्यात गळ उलटतो, टोक आकाशाकडे राहतं आणि खडकांत कमी अडकतं. ओढली की फ्लाय पुढे झेपावते, सोडली की नाक खाली करून बुडते; बरेचसे बास या बुडण्याच्या क्षणीच तोंड घालतात. या फ्लायला क्लाउझर डीप मिनो हे नाव प्रसिद्ध फ्लाय-मासेमार लेफ्टी क्रे यांनी दिलं.

बांधायला सोपी, म्हणूनच बिघडवायलाही सोपी. डोळे गळाच्या नाकापासून (दोरी ओवायच्या छिद्रापासून) दांडीच्या साधारण एक तृतीयांशावर हवेत. अगदी नाकाशी बांधले तर फ्लायवर बांधायच्या केसांना आणि तिच्या डोक्याला जागाच उरत नाही. दोऱ्याचे इंग्रजी आठच्या आकाराचे घट्ट वेढे देऊन वर गोंदाचा थेंब सोडावा, नाहीतर दोनचार दगडांना आपटताच डोळे फिरतात आणि फ्लाय कलंडून पोहते. सगळ्यात मोठी चूक मात्र केसांची. यात वापरले जाणारे हरणाच्या शेपटीचे केस काहीसे तरंगते असतात. जाड झुबका बांधला की शिशाचं वजन वाया जातं. प्रत्येक रंगाचा काडेपेटीतल्या काडीएवढा झुबका पुरतो. फ्लाय हातात विरळ, अर्धवट वाटली तर ती बरोबर बांधली आहे.

रंगावर लोक तासन्‌तास बोलतात. आमच्या मते आधी वजन ठरवावं. पांढरा-पोपटी हा एकच जोड घ्या आणि डोळे बदला: गुडघाभर पाण्याला 1/50 औंस, कमरेएवढ्याला 1/36, खोल जोरदार धारेला 1/24. फ्लायने अधूनमधून तळाला टेकायला हवं. प्रत्येक फेकीला अडकत असेल तर एक पायरी हलकी घ्या. कधीच टेकत नसेल तर एक पायरी जड.