सिलिकॉन व्हॅलीतील संग्रहालये

सिलिकॉन व्हॅलीतील संग्रहालये : अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात, सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या दक्षिण टोकाशी सांता क्लारा खोरे आहे. पालो आल्टो, माउंटन व्ह्यू, सनीव्हेल, कुपर्टिनो, सांता क्लारा आणि सॅन होजे ही त्यातली मुख्य गावे. अर्धसंवाहक आणि संगणक उद्योगामुळे हे खोरे सिलिकॉन व्हॅली म्हणून जगाला माहीत झाले. १९७१ मध्ये पत्रकार डॉन हॉफ्लर यांनी लेखमालेला हे नाव दिले आणि तेव्हापासून ते छापील मजकुरात रुळले. संगणकाच्या मुलखात संग्रहालये म्हणजे नुसते संगणकच असणार, अशा समजुतीने येणाऱ्याला इथे ममी, गोधड्या, चिनी देऊळ, हेलिकॉप्टर, फ्रेंच शिल्पकार रोदँची शिल्पे आणि पाऱ्याची खाणसुद्धा भेटते.

या भागातल्या संग्रहालयांपुढे मुळातच एक पेच आहे. इथे जे घडले ते डोळ्यांना फारसे दिसत नाही. जगाची घडी बदलणारी चिप काचेच्या पेटीत ठेवली, तरी पाहणाऱ्याला नखाएवढा काळा तुकडाच दिसणार. शिवाय जुने मोडीत काढणे हाच इथला धंदा. ट्रान्झिस्टरच्या शोधाबद्दल नोबेल मिळवणाऱ्या विल्यम शॉकली यांनी १९५६ मध्ये माउंटन व्ह्यूच्या सॅन अँटोनियो रस्त्यावर जी प्रयोगशाळा काढली, ती इमारत आज उभी नाही. त्या जागी नवे बांधकाम झाले असून बाहेर फलक आणि ट्रान्झिस्टर-डायोडच्या आकाराची मोठाली शिल्पे तेवढी आहेत. पालो आल्टोतल्या ॲडिसन ॲव्हेन्यूवरचे ३६७ क्रमांकाचे गॅरेज मात्र जपले आहे. ह्यूलेट आणि पॅकर्ड यांनी १९३९ मध्ये एचपी ही कंपनी सुरू केली ती इथेच, म्हणून त्याला सिलिकॉन व्हॅलीचे जन्मस्थान म्हणतात. आत जाता येत नाही. फुटपाथवर उभे राहायचे, फलक वाचायचा, झाडांच्या फटीतून हिरव्या दारांचा फोटो काढायचा आणि निघायचे. एवढ्यासाठी वाट वाकडी करणारे लोक रोज दिसतात.

संगणक इतिहास संग्रहालय, माउंटन व्ह्यू

एकाच ठिकाणी जायला सवड असेल तर इथे जावे. गंमत अशी की हे संग्रहालय इथले नव्हेच. त्याचे मूळ १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये, डिजिटल इक्विपमेंट या कंपनीच्या आवारात सुरू झालेल्या संग्रहात आहे. गॉर्डन बेल, ग्वेन बेल आणि केन ओल्सन ही त्यामागची माणसे. १९९६ पासून संग्रह पश्चिम किनाऱ्यावर यायला लागला, २००२ मध्ये सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीची इमारत विकत घेतली गेली आणि पुढच्या वर्षी दारे उघडली. एका उतरत्या कंपनीच्या कचेरीत संगणकाचा इतिहास राहायला आला, हेही या खोऱ्याच्या रीतीला धरूनच झाले.

मुख्य दालन २०११ मध्ये खुले झाले. मणिचौकटीपासून (ॲबॅकस) इंटरनेटपर्यंतचा पट त्यात मांडला आहे. १८९० च्या अमेरिकन जनगणनेत वापरलेल्या होलेरिथ यंत्राचा नमुना, एनियाक या सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक संगणकाचे काही भाग, भोवती गादीची बैठक असल्यासारखा दिसणारा क्रे-१ हा महासंगणक, शेकी नावाचा डगमगता यंत्रमानव, गूगलच्या सुरुवातीच्या काळातली सर्व्हरची मांडणी अशा वस्तू सावकाश पाहिल्या तर अर्धा दिवस जातो. एका कोपऱ्यात हनीवेलचा १९६९ चा ‘किचन कॉम्प्युटर’ आहे. पाककृती साठवण्यासाठी म्हणून श्रीमंतांच्या कॅटलॉगात सुमारे १०,००० डॉलरला त्याची जाहिरात केली होती. रात्रीच्या जेवणाचा बेत ठरवायला गृहिणीने खटके आणि लुकलुकणाऱ्या दिव्यांची भाषा शिकावी, अशी अपेक्षा होती. तो विकला गेल्याची नोंद नाही.

खरे आकर्षण मात्र चालू यंत्रांचे आहे. आयबीएम कंपनीचे १४०१ हे यंत्र १९५९ मध्ये बाजारात आले आणि त्याच्या १०,००० हून अधिक प्रती बनल्या. संग्रहालयाकडे त्यातली दोन आहेत आणि निवृत्त अभियंत्यांनी कित्येक वर्षे खपून ती चालती केली आहेत. ठरावीक दिवशी प्रात्यक्षिक असते. (संग्रहालयाचा पत्ताही १४०१, नॉर्थ शोरलाइन असाच आहे. हा निव्वळ योगायोग.) खोलीत शिरताच गरम झालेल्या विजेच्या उपकरणांचा आणि तेलाचा वास येतो. स्वयंसेवक भोकांच्या रूपात माहिती साठवलेल्या कार्डांचा गठ्ठा वाचकयंत्रात ठेवतो आणि पत्ते पिसल्यासारखा, पण कानठळ्या बसवणारा खडखडाट होऊन ती कार्डे सरसर आत ओढली जातात. मिनिटाला ६०० ओळी छापणारा १४०३ प्रिंटर सुरू झाला की शेजारच्याशी बोलायचे तर ओरडावे लागते. या यंत्राची स्मृती जास्तीत जास्त १६,००० अक्षरांची. प्रस्तुत नोंद त्यात मावली असती, पण देवनागरी त्याला येत नव्हती. बाहेर पडताना पंचिंग यंत्रावर आपले नाव टंकून भोके पडलेले कार्ड घरी नेता येते.

या खोलीत मराठी घरांतून आलेली वडीलधारी मंडळी अचानक बोलती होतात, हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. १९६० च्या दशकात भारतातही १४०१ यंत्रे आली होती आणि मुंबईच्या कचेऱ्यांत पंचकार्डांवर हिशेब होत असत. पुढे १९७८ मध्ये आयबीएमने भारतातून काढता पाय घेतला. त्या काळी बँकेत, विम्यात किंवा रेल्वेत नोकरीला लागलेली पिढी आता म्हातारी झाली आहे आणि मुलांकडे सहा महिन्यांसाठी येते. बाकी सगळीकडे ‘हे काय आहे रे?’ असे विचारणारे बाबा इथे नातवाला सांगतात, की गठ्ठा हातातून पडून कार्डे विस्कटली तर क्रम लावण्यात दिवस जायचा, म्हणून आम्ही गठ्ठ्याच्या कडेवर पेन्सिलने तिरकी रेघ ओढून ठेवायचो. स्वयंसेवक इंग्रजीत तीच युक्ती सांगत असतो.

आयबीएमचीच रॅमॅक ही चकतीसाठवण १९५६ ची. ती सॅन होजेतच विकसित झाली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, वजन टनाच्या पुढे आणि एवढ्या खटाटोपात मावायची ५० लाख अक्षरे. आजच्या फोनमधल्या एखाद्या फोटोला याहून जास्त जागा लागते. पीडीपी-१ या यंत्रावर १९६२ चा ‘स्पेसवॉर!’ हा खेळही खेळायला मिळतो. मुले त्याला चटकन कंटाळतात, मोठे कंटाळत नाहीत.

कंपनीचे संग्रहालय आणि मुलांची संग्रहालये

सांता क्लारात इंटेल कंपनीच्या मुख्यालयात, सहसंस्थापक रॉबर्ट नॉइस यांच्या नावाच्या इमारतीत उभारलेले संग्रहालय १९९२ मध्ये लोकांसाठी खुले झाले. २,३०० ट्रान्झिस्टरांची ४००४ ही १९७१ ची चिप आणि धूळविरहित खोलीत घालायचा पांढरा ‘बनी सूट’ या इथल्या दोन लक्षात राहणाऱ्या गोष्टी. पेंटियम या चिपच्या घडणीत मोठा वाटा असलेले विनोद धाम जन्माने पुण्याचे, ही माहिती मराठी पाहुणे इथे एकमेकांना हमखास पुरवतात. कंपनीने स्वतःबद्दल सांगितलेला इतिहास जसा असायचा तसाच तो आहे. त्यात फसलेली यंत्रे कमी भेटतात. जाण्याआधी ते उघडे आहे का, याची चौकशी करून घ्यावी.

सॅन होजेच्या मध्यवस्तीतले ‘द टेक इंटरॅक्टिव्ह’ १९९० मध्ये ‘द गॅरेज’ या नावाने सुरू झाले आणि १९९८ मध्ये आजच्या इमारतीत आले. मेक्सिकोचे वास्तुरचनाकार रिकार्डो लेगोरेता यांनी तिला जो रंग दिला त्याला इथे आंब्याचा रंग म्हणतात. कोकणातल्या माणसाला तो हापूसपेक्षा पायरीच्या जवळचा वाटेल. आत पाहण्यापेक्षा हाताळायचे जास्त. भूकंपाचा अनुभव देणारा हलता मंच मुलांचा आवडता. २०२४ च्या जूनअखेरीस बृहन्महाराष्ट्र मंडळाचे, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या संघटनेचे अधिवेशन सॅन होजेत भरले, तेव्हा अधिवेशनस्थळापासून पायी अंतरावर असल्यामुळे नऊवारी आणि फेटेही इथे वावरून गेले. लेगोरेतांनीच बांधलेले जांभळे बालसंग्रहालय जवळच आहे. त्याच्या रस्त्याचे नाव ‘वॉझ वे’. ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी त्याला भरघोस मदत केली होती.

खोऱ्याचे आधीचे दिवस

चिपा येण्याआधी हे खोरे जर्दाळू, आलुबुखार आणि चेरीच्या बागांचे होते. सनीव्हेलच्या हेरिटेज पार्कमध्ये सुमारे १० एकरांची जर्दाळूची बाग राखली आहे आणि शेजारी छोटे संग्रहालय आहे. लॉस आल्टोस गावातही १९०५ च्या शेतघरात असेच एक आहे. फुलोऱ्याच्या दिवसांत, म्हणजे साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये गेले तर कचेऱ्यांच्या काचेरी इमारतींमध्ये अडकलेली ती पांढरी-गुलाबी बाग कुणीतरी न्यायची विसरल्यासारखी दिसते.

सॅन होजेच्या केली पार्कमधल्या हिस्टरी पार्कमध्ये जुनी घरे, दुकाने आणून किंवा नव्याने उभारून एक गावच वसवले आहे. तिथला विजेचा मनोरा १८८१ च्या मूळ मनोऱ्याची निम्म्याहून लहान प्रतिकृती आहे. मूळचा २३७ फूट उंच होता. अख्ख्या गावाला एकाच मनोऱ्यावरून उजेड द्यायची ती कल्पना होती. पुढे १९१५ च्या वादळात तो कोसळला. त्याच आवारात न्ग शिंग गुंग हे चिनी देऊळ आहे. १८८७ मध्ये सॅन होजेची चिनी वस्ती जाळली गेली, त्यानंतर वसवलेल्या नव्या वस्तीत १८८८ मध्ये ते बांधले होते. १९४९ मध्ये पाडले गेले आणि १९९१ मध्ये पुन्हा उभे राहिले, आतली वेदी मात्र जुनीच. शहराने त्या जाळपोळीबद्दल माफी मागितली ती २०२१ मध्ये. जवळच्याच एका घरात व्हिएतनाममधून होड्यांतून पळून आलेल्या लोकांचे संग्रहालय आहे.

जपानटाउनमधले जपानी-अमेरिकन संग्रहालय लहान आहे, पण तिथून लवकर पाय निघत नाही. दुसऱ्या महायुद्धात १९४२ पासून १ लाख २० हजारांच्या आसपास जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबण्यात आले. टूल लेक छावणीतल्या बराकीची एक खोली इथे उभारली आहे. लाकडी फळ्या, लोखंडी खाट, मध्ये शेगडी. एवढ्या जागेत एक कुटुंब राहायचे.

कलासंग्रहालयांपैकी स्टॅनफर्ड विद्यापीठातले कँटर पाहावे. रेल्वेसम्राट लीलंड स्टॅनफर्ड यांचा एकुलता एक मुलगा १८८४ मध्ये फ्लॉरेन्समध्ये विषमज्वराने, वयाच्या पंधराव्या वर्षी गेला. त्याला पुराणवस्तू जमवायचा नाद होता आणि त्याच्या नावाने काढलेल्या विद्यापीठाबरोबर हे संग्रहालयही आले. १९०६ च्या भूकंपाने त्याचा मोठा भाग पाडला आणि १९८९ च्या भूकंपाने ते दहा वर्षे बंद ठेवले. प्रवेश फुकट, आणि बाहेर रोदँची शिल्पे चांदण्यातही पाहता येतात. सॅन होजेतले रोझिक्रुशियन इजिप्शियन संग्रहालय एका गूढवादी पंथाने काढले आहे. कर्नाकच्या देवळाच्या धर्तीवरची इमारत आणि ४,००० हून अधिक वस्तू. शाळेच्या सहली इथेच येतात, म्हणून शनिवारी-रविवारी जाणे बरे. १९७७ मध्ये स्थापन झालेल्या गोधडी आणि वस्त्रकलेच्या संग्रहालयात भिंतीवर टांगलेल्या गोधड्या पाहून घरच्या जुन्या लुगड्यांच्या वाकळीची आठवण येतेच. फरक इतकाच, की इथे हात लावू देत नाहीत. हेलिकॉप्टर पाहायचे तर सॅन कार्लोसचे हिलर विमानसंग्रहालय. बहुतेक ठिकाणी गाडीवाचून हाल होतात.

बहुतेक संग्रहालये आठवड्याच्या सुरुवातीचे दिवस बंद असतात. स्थानिक ग्रंथालयाचे सभासदत्व असेल तर ‘डिस्कव्हर अँड गो’ योजनेत कित्येक ठिकाणचे पास फुकट किंवा सवलतीत मिळतात. ते लवकर संपतात, तेव्हा आई-बाबांचे विमान उतरण्याआधीच मागणी नोंदवणारे लोक आहेत.

सगळ्यात कमी गर्दी असते ती सॅन होजेच्या दक्षिणेला, न्यू अल्माडेनच्या पारा खाणीच्या संग्रहालयात. डोंगरातला लाल दगड म्हणजे हिंगूळ. इथले मूळ रहिवासी ओलोनी लोक तो रंगासाठी वापरत. १८४५ मध्ये आंद्रेस कास्तियेरो या मेक्सिकन अधिकाऱ्याने त्यात पारा असल्याचे ओळखले, आणि थोड्याच वर्षांत सोन्याचा शोध लागून कॅलिफोर्नियाची धाव सुरू झाली. सोने वेगळे काढायला पारा लागतो, त्यामुळे सोन्यावर जे उभे राहिले त्याच्या बुडाशी हा डोंगर होता. १८५४ चा व्यवस्थापकाचा वाडा हेच संग्रहालय. आत पारा भरून न्यायच्या लोखंडी सुरया आहेत. एक सुरई भरली की ७६ पौंड. दिसायला लहान, म्हणून उचलून पाहायचा मोह होतो. खाण बंद झाली, पण पारा गेला नाही. तो डोंगरातून ओढ्यांत, ओढ्यांतून ग्वादलूपे नदीत आणि पुढे उपसागरात उतरतो. ही नदी सॅन होजेच्या मध्यवस्तीतून, जांभळ्या बालसंग्रहालयाच्या अंगावरून वाहते. तिच्यातले मासे खाऊ नयेत अशी सूचना आजही आहे.