सुलभा देशपांडे
(२१ फेब्रुवारी १९३७ – ४ जून २०१६). मराठी रंगभूमीवरील आणि मराठी-हिंदी चित्रपटांतील ज्येष्ठ अभिनेत्री, बालनाट्य चळवळीच्या कार्यकर्त्या. माहेरचे आडनाव कामेरकर. मुंबईत वाढलेल्या सुलभाताई दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. ‘रंगायन’ या संस्थेच्या नाटकांतून त्यांचे नाव पुढे आले.

विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधील लीला बेणारे ही त्यांची सर्वांत गाजलेली भूमिका. अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली १९६७ साली हे नाटक रंगमंचावर आले. बेणारे हीसुद्धा शाळामास्तरीण. हौशी नाटकमंडळींनी वेळ घालवायला मांडलेल्या अभिरूप खटल्यात तिला आरोपी करतात आणि बघता बघता तिचे खाजगी आयुष्य चव्हाट्यावर आणतात. पहिल्या अंकात खोड्या काढणारी, गाणी गुणगुणणारी बेणारे पुढे अंक-दीड अंक जवळजवळ गप्प असते. सगळे बोलत असताना काहीच न बोलता प्रेक्षकाला स्वतःकडे खेचून ठेवणे हे शेवटच्या दीर्घ स्वगताइतकेच अवघड होते, आणि सुलभाताईंचे मोठेपण तिथेच अधिक दिसते. सत्यदेव दुबे यांनी १९७१ साली या नाटकावर केलेल्या चित्रपटातही बेणारे त्यांनीच साकारली. पुढे अनेक गुणी अभिनेत्रींनी ही भूमिका केली. तुलना मात्र त्यांच्याशीच होत राहिली.

याच सुमारास रंगायन फुटले. अरविंद आणि सुलभा देशपांडे या दाम्पत्याने अरुण काकडे यांच्यासह १९७१ साली ‘आविष्कार’ स्थापन केली. प्रायोगिक नाटकाला परवडेल अशी जागा मुंबईत मिळत नव्हती. अशा वेळी छबिलदास शाळेचे सभागृह मिळाले आणि छबिलदास चळवळ उभी राहिली. तालमीला व प्रयोगाला हक्काची जागा मिळाल्यामुळे मराठी नाटकाच्या दोन पिढ्या तिथे घडल्या. या कामाची नोंद अभिनयाच्या यादीत होत नाही, म्हणून ती इथे ठळकपणे करायला हवी. आविष्कारची ‘चंद्रशाळा’ ही बालविभागाची शाखा सुलभाताईंनी जिवापाड सांभाळली. तिचे ‘दुर्गा झाली गौरी’ हे नृत्यनाट्य मुलांच्या एकामागून एक आलेल्या तुकड्यांनी वर्षानुवर्षे केले. १९७८ साली ‘राजा रानी को चाहिए पसीना’ हा हिंदी बालचित्रपटही त्यांनी दिग्दर्शित केला. १९८७ साली अरविंद देशपांडे गेले, तरी संस्थेचे काम थांबले नाही.

चित्रपटांत त्यांच्या वाट्याला बहुधा आई, सासू, आजी अशाच भूमिका आल्या. त्यांच्या ताकदीच्या मानाने हे थोडेच होते. तरीही ‘भूमिका’, ‘जैत रे जैत’, ‘चौकट राजा’, ‘विहीर’ यांत त्या लक्षात राहतात. ‘इंग्लिश विंग्लिश’मध्ये (२०१२) श्रीदेवीच्या सासूची भूमिका त्यांनी केली. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना १९८७ साली मिळाला.